लाइट गेली की पाणी कुठं जातं

मागच्या वर्षी जुलैत, रात्रीचे अडीच वाजले असतील, बाहेर पाऊस धो धो, लाइट गेली, पंखा बंद पडला म्हणून जाग आली. पाणी प्यायला उठले, सोप्यात पाय टाकला आणि तळव्याला गार लागलं. पहिला विचार छपराचा आला, कौलारू घर म्हटल्यावर पावसाळ्यात एखादं कौल सरकतंच, मग टोप-बादल्या मांडायच्या, ती सवय आहे आम्हाला. मोबाइलचा टॉर्च वर मारला तर छप्पर कोरडं. खाली मारला तर फिश टँकच्या कपाटाच्या दाराखालून पाणी येतंय, अगदी शांतपणे, काही आवाज नाही, जणू त्याचा रोजचाच रस्ता आहे.

१५ लिटर पाणी म्हणजे काही पूर नाही, पण प्लायवूडच्या कपाटाला तेवढं पुरतं. त्या कपाटाचं दार फुगलं ते अजून नीट लागत नाही. नवऱ्याने पहाटे तीन वाजता पोछा मारता मारता जाहीर केलं की परत असं झालं तर टँक अंगणात जाईल, तुळशीच्या बाजूला. तेव्हा या वर्षी चार फुटी टँक नवीन करून घ्यायचा ठरला तेव्हा मी मासे, दगड, लाइट सगळं बाजूला ठेवलं आणि दोन महिने फक्त पाइपांचा विचार केला. लोक हसले. हसू देत.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या टँकच्या खाली कपाटात एक दुसरी टाकी असते तिला सम्प म्हणतात, फिल्टरचं सगळं सामान तिच्यात. वरच्या टँकचं पाणी पाइपातून आपोआप खाली उतरतं तो ड्रेन, सम्पमध्ये गाळून झालं की पंप ते परत वर ढकलतो तो रिटर्न. (काही लोक हीटरपण सम्पमध्ये ठेवतात, आमच्या गोव्यात, फोंड्यात हीटर कुणाला लागतोय, इथे मे महिन्यात मासेच उकडतात.) पंप चालू असेपर्यंत सगळं छान चालतं, वरून जेवढं उतरतं तेवढंच वर जातं. प्रश्न पंप थांबला की सुरू होतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात पंप किती वेळा थांबतो ते काय सांगायचं, झाडाची एक फांदी तारेवर पडली की झालं.

माझ्या जुन्या टँकमध्ये रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली चांगलं १२ सेंटिमीटर होतं. का, तर वरून दिसायला बरं, पाइप दिसत नाही. पंप थांबला की तोच भरलेला पाइप उलटा सायफन होतो, आणि तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत वरचं पाणी खाली ओढत राहतो. टँक ९० बाय ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे एक सेंटिमीटर पाणी उतरलं की साधारण ३.४ लिटर. गुणिले १२ करा, ४० लिटर. सम्पमध्ये मोकळी जागा होती २५ लिटरची. उरलेलं सोप्यात. एवढा हिशोब सातवीतल्या मुलाला येतो, मला टँक बसवताना सुचला नाही.

बसवणाऱ्याने सांगितलं होतं की मॅडम एनआरव्ही लावलाय, पाणी उलटं येणारच नाही, काळजी नको. एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. दुसऱ्या दिवशी खोलून पाहिला तर झडपेच्या कडेला शेंगदाण्याएवढी गोगलगाय चिकटलेली, झडप बंद होणार कशी? आता दिवाडी, चोडणला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावर मानस (बांधातलं पाण्याचं दार) पाहिली असेल तर कळेल मी काय म्हणतेय ते. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला शेतातलं पाणी ती आतून ढकलून उघडतं आणि बाहेर जातं, ना वीज ना माणूस. पण दारात ओंडका किंवा फांदी अडकली की खारं पाणी शेतात शिरतं, म्हणून तिथे लक्ष ठेवणारी माणसं असतात, दारं साफ होतात, दुरुस्त होतात. आपण एनआरव्ही कपाटात कोंडून ठेवतो आणि दोन वर्षं बघत नाही. त्यामुळे नवीन टँकला एनआरव्ही नाही हे मी पहिल्या दिवशी ठरवलं. झडप बिघडली तरी पाणी जमिनीवर येता कामा नये, आणि तसंच करायचं तर मग झडप हवी कशाला.

नवीन टँक ४ फूट बाय २ फूट बाय २ फूट, १२ एमएम काच. काचेची जाडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी पावणेचारशे लिटरच्या आसपास. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून अर्धा टन, म्हणून लोखंडी अँगलचा स्टँड आणि घराच्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीला लागून, तिथे जमीन पक्की आहे. मासे आपल्या सह्याद्रीतले घालणार, वाहतं पाणी आवडणारे. त्यात एक इंडिगो बार्ब आहे, पेथिया सेटनाय, गोवा-कर्नाटकातल्या ओढ्यांतला एवढासा मासा, १९९२ साली छापगर आणि साने यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. छापगर म्हणजे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर होते ते. इथले लोक निऑन टेट्रा आणायला पैसे मोजतात आणि हा मासा आपल्या दारचा आहे हे माहीत नसतं. असो, माशांवर परत कधीतरी.

तर हिशोब. नवीन टँकला वरून १ सेंटिमीटर पाणी म्हणजे ७ लिटर. सम्प ९० बाय ३८, उंची ४०, तिथे १ सेंटिमीटर म्हणजे ३.४ लिटर. म्हणजे वर १ उतरलं की खाली २ चढतं, हे डोक्यात पक्कं बसवलं. सम्पमध्ये चालू असताना पाणी सरासरी २२ सेंटिमीटर, वर १८ सेंटिमीटर मोकळं, म्हणजे ६१ लिटरची जागा. आता रिटर्नचं तोंड जर जुन्यासारखं खोल ठेवलं, समजा १० सेंटिमीटर, तर ७० लिटर खाली येणार, शिवाय ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टँकचं पाणी सांडून जिथून ड्रेनमध्ये उतरतं तो कप्पा) आणि पाइपातलं ६ लिटर, म्हणजे १५ लिटर परत सोप्यात. आणि तोंड फक्त २ सेंटिमीटर खाली ठेवलं तर १४ अधिक ६, वीस लिटर, सम्प ६ सेंटिमीटर चढणार आणि थांबणार. नुसत्या ८ सेंटिमीटरच्या फरकाने नवरा झोपून राहतो.

काही जण रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली अगदी लगेच एक ३-४ एमएमचं भोक पाडतात, पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. मीही पाडलंय. पण त्या भोकात शेवाळ वाढतं, तेव्हा ते असून नसल्यासारखंच धरायचं. खरा भरवसा तोंडाच्या उंचीवर.

दुसरी गोष्ट जी मला आधी कळलीच नव्हती ती म्हणजे ओव्हरफ्लोच्या बांधाची लांबी. बांध म्हणजे काचेची ती कड जिच्यावरून पाणी बॉक्समध्ये सांडतं. तासाला २४०० लिटर पाणी १५ सेंटिमीटर रुंदीच्या छोट्या कोपऱ्यातल्या बॉक्समधून न्यायचं तर कडेवर पाण्याचा थर जवळजवळ १८ एमएम जाड लागतो, बांध ५० सेंटिमीटर केला तर ८ एमएम, आणि टँकच्या पूर्ण लांबीभर केला तर ५ एमएमच्या आत. पंप थांबला की हा थर आधी खाली येतो, म्हणजे छोट्या बॉक्सला तिथेच १२-१३ लिटर गेले. शिवाय पातळ थर पृष्ठभागावरची तेलकट साय चांगली ओढतो. आणि मासे जाऊ नयेत म्हणून त्या कडेला जे कंगव्याचे दात कापतात ना त्याने अर्धी लांबी खाल्ली जाते, हे कुणी सांगत नाही. मी दात कापलेच नाहीत, ५० सेंटिमीटरची सरळ कड ठेवली आणि वरून जाळी अडकवली, जाळी काढून धुता येते.

आता ड्रेनचं. इथे माझ्या बाबांनी मला एक वाक्यात जे शिकवलं ते मी आठवडाभर व्हिडिओ बघून शिकले नव्हते. बाबांचं कुळागर, म्हणजे बागायत, सावईवेऱ्याला, वरच्या बाजूला दगडी तळी, तिथून काळी नळी टाकून सायफनने खालच्या माडा-पोफळींना पाणी. मी त्यांना फोनवर विचारलं की ड्रेनचा पाइप गुडगुड आवाज का करतो, लोक टॉयलेट फ्लश केल्यासारखा आवाज म्हणतात. बाबा म्हणाले, “नळी भरलेली असली की गप्प असते गो बाय, अर्धी भरली की बडबडते.” आणि मग नेहमीप्रमाणे विचारलं, पाऊस आहे का तिकडे. फोंडा ते सावईवेरे अर्धा तास लागत नाही, पण पाऊस विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नसतो.

उथळ पाण्याला खळखळाट फार, शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून शिकलो होतो, ते खरंच प्लंबिंगबद्दल निघालं. ज्या ड्रेनमध्ये पाणी आणि हवा दोन्ही एकत्र खाली उतरतात तो आवाज करतो आणि पाणीही कमी नेतो. एक इंची उघडा पाइप तासाला दोन हजार लिटर न्यायलाही कुरकुरतो, तोच पाइप पूर्ण भरून सायफन झाला आणि खाली एक मीटर उतार मिळाला तर चार हजारांच्या वर नेतो, आणि ते एकही शब्द न बोलता. पण भरलेला सायफन एक ठराविक पाणीच नेतो, पंप थोडा जास्त टाकायला लागला की बॉक्स भरत जातो, कमी टाकला की बॉक्स रिकामा होऊन पाइप हवा गिळतो. म्हणून एका पाइपाच्या भरवशावर राहायचं नसतं. अमेरिकेतल्या छंदी लोकांनी यावर जे उपाय काढले त्यातला तीन पाइपांचा, ज्याला बीन अॅनिमल म्हणतात, तो मला पटला. पहिला पाइप पूर्ण सायफन, खाली त्याला गेट व्हॉल्व्ह (फिरवून हळूहळू मिटणारी झडप) लावून बहुतेक सगळं पाणी त्यातून न्यायचं. दुसरा पाइप उघडा, त्याचं तोंड जरा वर, त्यातून फक्त कमी-जास्त होणारी बारीक धार जाते. आणि तिसरा पाइप त्याहून वर, कोरडा, नेहमी कोरडा, त्याच्यावर व्हॉल्व्ह नाही, जाळी नाही, काही नाही, तो फक्त वाट बघत उभा. दुसऱ्या पाइपाच्या डोक्यावर एक बारीक हवेची नळी असते तिचं टोक बॉक्समध्ये खाली सोडलेलं, पहिला पाइप तुंबला की बॉक्समधलं पाणी चढतं, नळीचं टोक बुडतं, हवा बंद, आणि दुसरा पाइप आपसूक सायफन होऊन सगळं पाणी ओढायला लागतो. मधेमधे हवा गिळून तो आवाज करतो तेव्हा समजायचं काहीतरी तुंबलंय. मला हे फार आवडलं, बिघाड झाला की ओरडून सांगणारी व्यवस्था, आमच्या ऑफिसात असती तर.

दोन पाइपांतही भागतं, हर्बी म्हणतात त्याला, एक सायफन आणि एक कोरडा. पण काचेला तिसरं भोक टँक जोडायच्या आधी पाडायचं म्हणजे थोडक्यात होतं आणि पाणी भरल्यावर पाडायचं म्हणजे शक्यच नाही, मग कंजूसपणा कशाला. सायफन १ इंची, बाकी दोन सव्वा इंची.

आता हार्डवेअरच्या दुकानातली मजा. “एक इंची पाइप द्या” म्हटलं. “पांढरा, पिवळट की करडा?” मी म्हटलं फरक काय, तर म्हणाला सगळे एक इंचीच. घरी येऊन कॅलिपर लावला. पांढरा यूपीव्हीसी बाहेरून ३३.४ एमएम. करडा शेतीचा पाइप ३२ एमएम. पिवळट सीपीव्हीसी, गरम पाण्याचा, २८.६ एमएम. तिघांचं नाव एक इंची आणि एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही, ३२ वाला ३३.४ च्या एल्बोमध्ये टाकला तर जातो, अगदी आरामात जातो, आणि तिथेच फसवतो, कारण सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) त्या फटीत नीट धरत नाही. आमचा प्लंबर म्हणाला गॅसवर पाइप तापवून सॉकेट काढून देतो, कुळागरात चालतं तसं, मी हात जोडले. सगळं पांढरं यूपीव्हीसी, सगळं एकाच कंपनीचं, फिटिंगसकट, आणि सोल्युशनही यूपीव्हीसीचंच. ज्यांना दुसरं काही लक्षात राहणार नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवा की दुकानात जाताना कॅलिपर किंवा निदान पाइपाचा तुकडा घेऊन जा.

व्हॉल्व्हचं दुःख वेगळं. दुकानात गेट व्हॉल्व्ह मिळतो तो पितळेचा. पितळेत तांबं, आणि झिंगे-गोगलगायींना तांबं म्हणजे विष, माझ्या टँकमध्ये दोन्ही असणार. बॉल व्हॉल्व्ह प्लास्टिकचा हवा तेवढा मिळतो पण तो पाव फेऱ्यात उघडा नाहीतर बंद, सायफन ट्यून करायला केसाएवढी हालचाल लागते आणि बॉल व्हॉल्व्ह केसाएवढा हलत नाही, तो अडतो आणि मग एकदम सरकतो. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह ऑनलाइन मागवला, बारा दिवस लागले, किंमत सांगत नाही, नवरा वाचतो हे.

काचवाल्याकडे जायच्या आधी टँक कनेक्टर, म्हणजे काचेच्या भोकात बसणारे पाइपाचे जोड, विकत घेतले. हे उलटं वाटेल पण हेच बरोबर. लोक आधी भोकं पाडून घेतात, मग कनेक्टर शोधतात, आणि प्रत्येक कंपनीच्या कनेक्टरचा आटा वेगळ्या जाडीचा, मग भोक मोठं नाहीतर लहान. मी कनेक्टर नेऊन काउंटरवर ठेवले आणि म्हटलं यांच्या मापाने पाडा. भोकाची कड आणि काचेची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवायचं, नाहीतर तडा तिथूनच जातो. आणि टफन्ड काच असेल तर भोकाचा विषयच नाही, ड्रिल लागताक्षणी तिचा चुरा होतो, माझी साधी फ्लोट काच होती म्हणून जमलं. डायमंड बिट, वरून सतत पाण्याची धार, जोर न लावता. काचवाला एका भोकाला पाच मिनिटं घेत होता आणि मी बाहेर येरझाऱ्या, बाळंतपणाच्या खोलीबाहेर नवरा घालतो तशा.

रिटर्नला फारसं डोकं लागत नाही, फक्त लोभ आवरायचा. पंपाच्या खोक्यावर ४००० लिटर लिहिलेलं असतं ते पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचं. खोक्यावर कमाल उंची ३.५ मीटर लिहिलीय आणि आपल्याला पाणी १.४ मीटर चढवायचं तर निम्म्याच्या जरा वर हातात येतं, त्यात एक इंची ९० अंशाचा प्रत्येक एल्बो म्हणजे जवळजवळ पाऊण मीटर सरळ पाइप जास्त घातल्यासारखं. माझ्या पहिल्या चित्रात सात एल्बो होते, अगदी इस्त्री केल्यासारखं काटकोनी. बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर उत्तर आलं, “पाट कधी काटकोनात खणतात काय?” मग पंपापासून जाड लवचीक नळी मोठ्या वळणाने वर, फक्त शेवटी दोन ४५ अंशाचे एल्बो. पंपाच्या तोंडाशी युनियन (हाताने खोलता येणारा जोड), म्हणजे पंप धुवायला काढताना करवत शोधावी लागणार नाही.

ड्रेनलाही हाच नियम, वर-खाली उंचवटा नको. नळी कुठेही घोड्याच्या पाठीसारखी वर झाली की तिथे हवा साचते आणि सायफन अडकतो, हे कुळागरवाल्या कुणालाही विचारा. आणि सायफनचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवायचं. जास्त खोल असेल तर लाइट परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही, सायफन सुरूच होत नाही, वर पाणी चढत राहतं. लाइट जाते तेव्हाची काळजी सगळे घेतात, लाइट येते तेव्हाची कुणी घेत नाही, आणि आमच्याकडे तर ती येते, जाते, येते, जाते, पाच मिनिटांत तीनदा.

मग उरला शेवटचा भयंकर प्रसंग, तिन्ही ड्रेन तुंबले. होणार नाही, पण समजा झालं. पंप सम्पमधलं पाणी वर फेकत राहील ते वरच्या टँकच्या काठावरून खाली. त्यावर उपाय पाइपात नाही, सम्पच्या काचेत आहे. पंप ज्या कप्प्यात बसतो तो कप्पा लहान करायचा. माझा २५ बाय ३८, पाणी १८ सेंटिमीटर, म्हणजे १७ लिटर, त्यातलं पंपाला ओढता येतं ते चौदा-पंधरा. तेवढं वर गेलं तर टँक २ सेंटिमीटर चढेल, मी वर ५ सेंटिमीटर मोकळे ठेवलेत. पंप कोरडा पडून तडफडेल, जळेलही, पण जमीन कोरडी. तोटा एवढाच की छोट्या कप्प्यात बाष्पीभवन लगेच दिसतं, मे महिन्यात रोज तांब्याने पाणी टाकावं लागणार, ते मला चालेल.

वायरींबद्दल एकच, बोर्ड सम्पच्या वर किंवा बाजूला उंचावर, आणि प्रत्येक वायर प्लगपर्यंत जायच्या आधी खाली एक झोळ घेऊन वर जाईल अशी, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. आणि ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असायलाच हवा, यावर चर्चा नाही.

पाइप कापल्यावर लगेच चिकटवायचे नाहीत. मी सगळं कोरडं जोडलं, मार्करने प्रत्येक सांध्यावर आडवी रेघ मारली, चार दिवस तसंच ठेवलं. त्या चार दिवसांत दोन चुका सापडल्या, एक म्हणजे मधल्या पाइपामुळे सम्पमधला फिल्टरचा पिशवीवाला सॉक बाहेरच काढता येत नव्हता. चिकटवल्यावर सापडली असती तर मी रडले असते. सोल्युशन लावल्यावर पावसाळ्यात सुकायला जास्त वेळ द्यायचा, दमट हवा असते, मी दोन दिवस दिले.

परवा रविवारी टँक अंगणातच स्टँडवर चढवला आणि साधं विहिरीचं पाणी भरून चाचणी घेतली. मासे नाहीत, दगड नाहीत. सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप चालू केला, बॉक्स रिकामा होऊन पाइपाने हवा गिळली, असा आवाज की शेजारचा कुत्रा उठून बसला. मग गेट व्हॉल्व्ह अर्धा फेरा, पाव फेरा करत बंद करत आणला, बॉक्समध्ये पाणी चढत गेलं आणि दुसऱ्या पाइपात बारीक धार पडायला लागली तेव्हा थांबले. एकदम शांत झालं. इतकं शांत की मला वाटलं पंप बंद पडला, सम्पमध्ये हात घालून बघितलं.

मग सम्पच्या काचेवर मार्करने दोन रेघा मारल्या, एक चालू पातळीची, दुसरी तिच्यावर बरोबर ६ सेंटिमीटर, माझ्या हिशोबाची. बाबा आले होते कुळागरातून, हातात चहाचा कप, त्यांना म्हटलं बघा हं इथे थांबणार. स्विच बंद केला. पाणी चढलं, चढलं, रेघेला लागलं आणि रेघ ओलांडून पुढे गेलं. सात सेंटिमीटरला थांबलं.

बाबा काही बोलले नाहीत, चहा प्यायले. मी रिटर्नच्या तोंडाशी टॉर्च घेऊन परत चालू-बंद केलं तेव्हा कळलं. मी धरलं होतं की पाणी तोंडाच्या वरच्या कडेला पोचलं की लगेच हवा शिरेल. तसं होत नाही, कड उघडी पडल्यावरही ते अजून अर्धा सेंटिमीटर ओढत राहतं, मग एकदम गुटकन तुटतं. वर अर्धा म्हणजे खाली एक. जागा अजून अकरा सेंटिमीटर शिल्लक आहे, त्यामुळे काही बिघडत नाही, पण ती सहाची रेघ मी पुसली नाही, तिच्यावर सातची दुसरी मारली.

संध्याकाळपर्यंत बारा वेळा चालू-बंद केलं. अकराव्यांदा मी स्विचला हात लावायच्या आधीच पंप थांबला, घरातला पंखाही थांबला, आतून नवऱ्याचा आवाज आला, “गेली गो!” बाबा खुर्ची सरकवून सम्पजवळ वाकले आणि रेघेवर बोट ठेवून बसले.